उघडलेलं दार आणि आतच थांबलेला पौल

आजचा शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये 16:6-34



संकटात आपल्या सगळ्यांच्या प्रार्थनेत एक मागणी हमखास असते: प्रभू, दार उघड. आणि एखादं दार उघडलं की आपण पुढच्याच रविवारी साक्ष देतो की देवाने मार्ग दाखवला. पुष्कळदा ते खरंही असतं. पण फिलिप्पैच्या तुरुंगातली ही रात्र वाचताना मी दर वेळी थांबतो. तिथे भूकंप झाला, एक नाही तर सगळी दारं उघडली, बेड्या सुटल्या, आणि पौल जागचा हलला नाही.

आधी तो तिथे पोहोचला कसा ते बघा. त्याला आशिया प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे वळायचा प्रयत्न केला, तिथेही परवानगी नाही. शेवटी त्रोवस बंदरात रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा एक माणूस मदतीसाठी बोलावत होता. मग सोबत्यांनी त्यावरून अनुमान काढलं की देव आपल्याला तिकडेच नेतो आहे. हे 'अनुमान' मला फार आवडतं. दृष्टान्त एकट्याला झाला, पण अर्थ सगळ्यांनी मिळून लावला. (आम्ही ऑफिसात रात्री बंद पडलेल्या सिस्टिमचे लॉग वाचतो तसंच काहीसं. एका ओळीवरून कोणी निष्कर्ष काढत नाही.)

म्हणजे इतकं स्पष्ट मार्गदर्शन मिळालं, आणि ते घेऊन गेलं कुठे? लुदियासारखी विश्वासू बहीण भेटली हे खरं. पण एका दासीला भुताच्या बंधनातून सोडवल्यावर तिच्या मालकांची कमाई बुडाली, त्यांनी पौल आणि सीलाला चौकात ओढत नेलं. कपडे फाडून छड्यांचा मार, आतली कोठडी, पाय खोड्यात. देवाच्या इच्छेत असलं की वाट सोपी होते असं जे शिकवतात, त्यांनी हा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

आता चार अध्याय मागे जाऊ. बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगात आहे. दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मध्ये झोपलेला. देवदूत येतो, उठवतो, चप्पल घाल म्हणतो, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो आणि पेत्र बाहेर पडतो. तेही देवाचंच काम होतं. मग एकाच पुस्तकात, तुरुंगाचं दार उघडल्यावर एक जण बाहेर गेला आणि दुसरा आत राहिला, यात देवाचं मार्गदर्शन कोणतं?

दोन्ही. पण फरक बघा. पेत्राला चल म्हणून सांगणारा होता. पौलाला त्या मध्यरात्री ना देवदूत दिसला, ना आवाज आला, ना त्रोवससारखा दृष्टान्त झाला. त्याच्याजवळ होतं फक्त उघडं दार, आणि तुरुंगाचा अधिकारी. कैदी पळाले असं समजून त्या माणसाने तलवार उपसली होती. रोमी राज्यात कैदी निसटले तर पहारेकऱ्याला जिवानिशी किंमत मोजावी लागे. पेत्र गेल्यावर हेरोदाने पहारेकऱ्यांना ठार मारायला लावलं, तेही लूकने लपवलेलं नाही. ते वचन आपल्या उपदेशांत सहसा येत नाही, मला मात्र ते टोचतं. फिलिप्पैत पौलाने अंधारातून ओरडून त्या माणसाला थांबवलं, आम्ही सगळे इथेच आहोत म्हणून सांगितलं. दार कितीही मोठं उघडलेलं असो, ते ओलांडलं तर कोणाचा जीव जातो, हे त्याने आधी पाहिलं.

हे मी पुस्तकी लिहीत नाही. गेल्या वर्षी नोकरी गेली तेव्हा दोन महिन्यांत परदेशातली ऑफर आली. पगार चांगला. मंडळीतल्या बहुतेकांनी म्हटलं, बघ, देवाने दार उघडलं. आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं, नेणं-आणणं माझ्याकडे, बाबांना नीट दिसत नाही. आमच्या पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, "तू गेल्यावर घरात कोण उरतं?" मी आणि बायकोने आठ दिवस प्रार्थना केली. स्वप्न पडलं नाही, कुठलं वचनही उठून दिसलं नाही. आम्ही नाही म्हटलं. पुढचे चार महिने घराचा हप्ता ठेव मोडून भरला. मग इथेच काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. याला मी बक्षीस म्हणत नाही आणि शिक्षाही म्हणत नाही.

उलट आमच्याच प्रार्थना गटातला एक भाऊ त्याच सुमारास आखातात गेला, कारण तो गेला नसता तर भावंडांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. त्याचं जाणं मला पौलाच्या थांबण्याइतकंच योग्य वाटतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. घरात मार खाणाऱ्या बहिणीला हा अध्याय दाखवून 'तूही थांब' असं कोणी सांगू नये. दिमिष्कात जिवावर बेतलं तेव्हा हाच पौल टोपलीत बसून कोटावरून खाली उतरला होता. आणि फिलिप्पैतही, दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायला निघालेल्या अधिकाऱ्यांना त्याने आपलं रोमी नागरिकत्व दाखवून स्वतः यायला लावलं. थांबणारा माणूस गप्प बसणारा असतोच असं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. आई-वडील उपासमारीत गमावलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि तिथल्या मुलींना घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी दृष्टान्तात दाखवायची गरज नव्हती.

त्या रात्री पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या अधिकाऱ्याने दिवे मागवले, ज्यांना स्वतः खोड्यात अडकवलं होतं त्यांच्या जखमा धुतल्या, घरादारासह बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवायला वाढलं.

प्रार्थना: देवबापा, आज जे कोणी उघड्या दारासमोर उभे आहेत, नोकरीच्या, गाव सोडण्याच्या, नातं तोडण्याच्या, त्यांच्यासोबत असा एक तरी माणूस ठेव जो त्यांना खरं विचारेल. जे मार खाऊन आतल्या कोठडीत आहेत त्यांना मध्यरात्री गाण्याचं बळ दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.