मनू, जरा थांबून बघ

राजूर, ता. अकोले

चि. मनू,



रेहेकुरीहून आल्यावर तू पाठवलेले फोटो पोचले, आणि तुझ्या मामाने ते मोठ्या पडद्यावर लावून दिल्यामुळे मला नीट, निवांत बघता आले. सगळे बघितले गं, एकही सोडला नाही. गवतात मान वर करून उभी असलेली ती काळविटाची मादी मला फार आवडली, कारण तिच्या कानाच्या कडेवर उन्हाची अगदी बारीक रेघ आली आहे. ती रेघ तुला दिसली म्हणूनच तू बटण दाबलंस, याबद्दल मला शंका नाही. नजर तुझी लहानपणापासून तशीच आहे, ताटातल्या कोशिंबिरीत मोहरी किती तडतडली आहे तेसुद्धा तू बघायचीस. बाकीचे फोटो मात्र एका दमात काढल्यासारखे वाटले. गाडीतून उतरलीस, जे पळालं त्याच्यामागे कॅमेरा फिरवलास आणि जेवायच्या वेळेला नगरला परत. तुझ्या मेहनतीची, चांगुलपणाची मला कधीच काळजी नव्हती आणि नाही. काळजी वाटते ती फक्त या घाईची, म्हणून आज सकाळची कामं उरकून हे लिहायला बसले आहे.

रेहेकुरी तसं इवलंसं अभयारण्य, दोन चौरस किलोमीटरांच्या जरासं वर, १९८० साली खास काळविटांसाठी राखलेलं. तिथे धावाधाव करायची गरजच नाही. मोठा, काळाभोर झालेला नर आपली जागा ठरवून घेतो, त्या जागेत ठरावीक ठिकाणी लेंड्यांचा ढीग करतो आणि फिरून फिरून तिथेच येऊन उभा राहतो. असा ढीग दिसला की आपण दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं आणि वाट बघायची. सूर्य पाठीशी की बाजूला, मागे काटेरी झुडपाची गिचमीड येते आहे की मोकळं माळरान, हे सगळं तो यायच्या आधीच बघून ठेवता येतं. मग तो येतो तेव्हा आपल्याला फक्त बटण दाबायचं उरतं. आणि हो, त्याला उडी मारायला लावण्यासाठी टाळी वाजवायची नाही, हाकारा करायचा नाही. तू असं करणार नाहीस, मला माहीत आहे, पण बरोबरची मुलं करायला लागली तर त्यांनाही सांग.

लवकर उठ, हे मी तुला सांगितलं की तू हसतेस. पण यात आजीपणाचा भाग थोडा आणि उजेडाचा भाग जास्त आहे. सकाळी सूर्य खाली असतो, त्याचं ऊन आडवं येतं, म्हणून प्रत्येक उंचवट्याला एक उजळ बाजू आणि एक सावलीची बाजू मिळते आणि सपाट कागदावर वस्तूला खोली येते. आपल्याकडे मेच्या मध्याला तर भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाचीही सावली पायाखाली दडते. त्या वेळी माणसाचा फोटो काढलास तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतील. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघायला आपण गेलो होतो, आठवतं? पाण्याने आणि त्यात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेला तो कातळ दुपारी नुसता काळा पसारा दिसतो. तोच सकाळी बघ, प्रत्येक रांजणाची कड, तिच्यावरची गुळगुळीत वळणं, तळाशी साठलेलं पाणी, सगळं वेगवेगळं उठून येतं. रतनवाडीच्या अमृतेश्वराचं कोरीवकामही तसंच, तिरपं ऊन भिंतीवर घासत जातं तेवढाच वेळ त्या नक्षीचा.

कातळावरून आठवलं. तू विचारलं होतंस की काळा दगड फोटोत राखाडी का येतो, आणि पालखीतले वारकरी मळकट का दिसतात. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हाचे तुझे ते फोटो माझ्याकडे अजून आहेत. यात तुझं काही चुकलं नाही गं. कॅमेरा उजेड मोजतो, पण समोर काय आहे हे त्याला कळत नाही. समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून तो चालतो. चौकटभर काळा कातळ असला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजळवतो. चौकटभर पांढरे सदरे आणि टोप्या असल्या की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो दाबतो. तुझ्या कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं एक बटण आहे, ते याचसाठी. काळ्यासाठी थोडं उणे कर, पांढऱ्यासाठी थोडं अधिक. काळविटाची मात्र गंमत आहे, पाठ काळी आणि पोट पांढरं. तिथे पांढऱ्याला जप, कारण या नव्या कॅमेऱ्यांत पांढरं एकदा जळालं की त्यातून काही परत मिळत नाही, काळ्यातून नंतर थोडंफार उजळवून काढता येतं. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये आम्हाला नेमकी उलटी काळजी घ्यावी लागे, तिथे सावल्या जपाव्या लागत.

आमचा म्हणजे तुझ्या आजोबांचा स्टुडिओ, संगमनेरला. गिऱ्हाईक बसवणं त्यांचं काम, आणि आत निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या, देवीचे व्रण हलके करणं माझं. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा आणि टिंबाटिंबाने काम करायचं. एकेका चेहऱ्यापाशी इतका वेळ बसलं की माणसाच्या तोंडावर उजेड कुठून उतरतो आणि कुठे संपतो, हे बोटांनाच कळायला लागतं. जुने स्टुडिओवाले खिडकी उत्तरेकडे ठेवत, कारण उत्तरेकडून थेट ऊन सहसा येत नाही, दिवसभर मऊ आणि सारखा उजेड मिळतो. तुला त्यासाठी दिवे विकत घ्यायला नकोत. तुमच्या घरात ज्या खिडकीत ऊन येत नाही, तिच्याजवळ बाबांना किंवा शेजारच्या काकूंना तिरकं बसव, उजेड एका गालावर पडू दे, आणि दुसऱ्या गालावर फार अंधार वाटला तर धुतलेली पांढरी चादर त्या बाजूला धर. बसलेल्या माणसाशी बोलत राहा. पदर सावरून होतो, केस नीट करून होतात, मग हात मांडीवर येतात आणि खांदे सैल पडतात, तोवर थांब. अनोळखी माणसाला आधी विचार, मगच काढ. माळीवाड्यात नाहीतर दाळमंडईत कामाच्या घाईतला माणूस नाही म्हणाला, तर नमस्कार करून पुढे जायचं.

तेव्हा पुष्कळ घरांत क्लिक थ्री कॅमेरा असायचा. त्याच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघत. रोल महाग, धुवायचे पैसे वेगळे, म्हणून लग्नाघरचा माणूससुद्धा डोळ्याला कॅमेरा लावून आधी चार बाजूंनी बघून घ्यायचा. तुझ्या कार्डात हजारो मावतात आणि त्यात वाईट काही नाही, पण रविवारी सकाळी एकदा असं करून बघ: बाराच काढायचे, मधे मागे जाऊन पडद्यावर बघायचं नाही, आणि घरी आल्यावर वहीत प्रत्येकापुढे जागा, वेळ, ऊन कुठून होतं आणि कॅमेऱ्याचे आकडे लिहायचे. भाकरी तव्यावर टाकल्याबरोबर सारखी उलटत बसलं तर ती फुगत नाही, हे तुला स्वयंपाकघरात कळलंच आहे.

आपल्या मुलखात धीराचं फार मोठं उदाहरण आहे, दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला, १८७० चा. चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओही चालवला. १९१२ साली लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणला, तेव्हा हातात पैसा नव्हता आणि भरवसा ठेवणारं माणूस मिळायचं होतं. मग त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवून ठेवला आणि रोप वाढेल तसतशी एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर ते दाखवलं तेव्हा बी डोळ्यांदेखत उगवून वर आलं, आणि ते बघून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ ला, 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. मला यात सरस्वतीबाईंचं फार वाटतं. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायची, तीही अंधारात, फिल्म धुवायची, एवढ्या माणसांचा स्वयंपाक करायचा, हे सगळं त्या माउलीने केलं. अंधाऱ्या खोलीत हाताच्या अंदाजाने काम करणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यांचं नाव निघालं की मी हात जोडते. तूही एक कुंडी घे. मेथी पेर, चार दिवसांत उगवते. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो.

नवीन लेन्स मागते आहेस असं आई म्हणाली. अजून वर्षभर थांब, बाळा. तुझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सनं माणसं, घरं, डोंगर, शेतं सगळं होतं, आणि तिच्यात नेमकं काय कमी पडतं हे तुला वहीत लिहूनच कळेल. मग जी घेशील ती नीट उपयोगाची घेशील, आणि त्यात थोडे पैसे माझेही असतील. हात हलतो म्हणतेस, त्याला तर खर्चच नाही. जुन्या खादीची वीतभर पिशवी शिव, तिच्यात ज्वारी भर, तोंड शिवून टाक. दगडावर, गाडीच्या खिडकीत, कुंपणाच्या भिंतीवर ती ठेवली की कॅमेरा तिच्यात बसतो आणि हलत नाही. जंगलात फोटो काढणारी मोठी मोठी माणसंही अशी पिशवी वापरतात. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि त्यात औषधांच्या बाटल्यांत असतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या टाक, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते आणि ती निघता निघत नाही. फोटो दोन ठिकाणी साठव.

मेच्या शेवटी इकडे ये. वळवाच्या सरी पडल्या की पहिला मोठा पाऊस होईपर्यंत मुतखेल, पांजरे, रतनवाडीकडची सादड्याची, बेहड्याची, जांभळाची झाडं काजव्यांनी भरून जातात. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला, तेव्हा रात्रीचे वनखात्याचे जे नियम असतील ते पाळूनच जायचं. उजेड असतानाच जागा धरायची, तेव्हाच लांबच्या झाडावर फोकस करून तो हाताच्या पद्धतीवर ठेवून द्यायचा, पडद्याचा उजेड अगदी कमी करायचा, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, आयएसओ आठशे ते सोळाशे, आणि प्रत्येक फोटोला वीस-तीस सेकंद. फ्लॅश मुळीच नाही, मनू, आणि विजेरीही झाडाकडे नाही. त्यांचं चमकणं हे एकमेकांना शोधणं आहे. नर उडत उडत खूण करतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते, आणि मधे आपला उजेड पडला की त्यांची भेट चुकते. हौशी लोक गाड्यांचे दिवे लावून येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. तू आलीस की आपण मामाची गाडी रस्त्यालाच ठेवून चालत जाऊ, माझे गुडघे तेवढं चालतात अजून.

ज्वारीची पिशवी आणायला विसरलीस तरी चालेल, इथे घरचा तांदूळ आहे, तो भरू. निघायच्या आदल्या दिवशी मामाला फोन कर, म्हणजे तो स्टँडवर येईल. आईसाठी पेढे घेऊन ठेवते. तोवर मेथीचे फोटो पाठव, पण सगळे नको, तुला आवडलेले चारच, आणि का आवडले ते खाली लिहून.

तुझी,
आजी