एका तबकडीने भागत नाही

पुण्याच्या एका जाणत्या समीक्षकांनी गेल्या वर्षी आमच्यासारख्यांची चांगलीच हजेरी घेतली. रेकॉर्ड्स जमवायच्या, एकमेकांना पाठवायच्या आणि ‘यांचा मारवा की त्यांचा’ असा काथ्याकूट करत बसायचं, हे गाणं ऐकणं नव्हे, ही हिशेबनिशी आहे. गाणं मैफलीत असतं, तबकडीत उरतं ते कलेवर, असा त्यांच्या लेखाचा एकूण सूर. लेख देखणा आहे. त्यात जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन डोकावून जातो, आणि शेवटी भैरवी आटोपल्यावर पहाटेच्या रस्त्याने घरी चालत जाण्याचं वर्णन येतं. बेंजामिनशी माझं भांडण नाही. मी अडलो तो त्या चालत जाण्याशी.

मी जव्हारला राहतो. इथे रेल्वे नाही. संस्थान होतं तेव्हाही नव्हती. मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वर गाठून नाशिकला पोचायचं, नाहीतर विक्रमगड-मनोर करत मुंबईच्या वाटेला लागायचं. एका मैफलीपायी दोन दिवसांची रजा, कुणाकडे तरी मुक्काम आणि परतीच्या एसटीचा घोर. गाण्याच्या इतिहासात संस्थानं येतात ती बडोदा, कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी. मुकण्यांच्या जव्हारचं नाव त्या ओळीत कुणी घेतलेलं मी वाचलेलं नाही. खोडाळ्याला आमचा एक शिक्षकमित्र आहे. भीमसेनांना त्याने एकदाही समोर बसून ऐकलं नाही, पण त्यांच्या पूरिया धनाश्रीच्या वेगवेगळ्या बैठकींत पंचमावरचा मुक्काम कुठे लांबतो आणि कुठे आवरता घेतला जातो, ते तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्याला ‘तू गाणं ऐकलंच नाहीस’ असं सांगायला जी छाती लागते, ती सभागृहापासून रिक्षाच्या अंतरावर राहिल्यानेच येते.

बरं, ज्या मैफलीचा एवढा गजर चाललाय ती कुणाची? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालू आहे. तो भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ उभा केला. आणि भीमसेन गुरूच्या शोधात घराबाहेर पडले ते कशामुळे, हे शेंबडं पोरही सांगेल: गदगच्या दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी ऐकून. तीन मिनिटांच्या एका तबकडीने पोराला घर सोडायला लावलं. कुमार गंधर्व तर लहानपणी बड्या गवयांच्या रेकॉर्ड्स हुबेहूब गाऊन दाखवत, त्यावरच त्यांचं पहिलं नाव झालं. कलेवरातून एवढी लेकरं जन्माला येत असतील तर ते कलेवर बरंच धडधाकट म्हटलं पाहिजे.

आमची बैठक शनिवारी संध्याकाळी असते. चारपाच जण, एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि पेनड्राइव्ह. मोखाड्याच्या बाजूला रेंज कधी असते, कधी नसते, त्यामुळे आमचा माल अजूनही हातोहात फिरतो. बैठकीतले सरकारी डॉक्टर वेगाच्या मागे लागलेले असतात. त्यांचं म्हणणं असं की जुन्या तबकड्या सगळ्याच काही 78 फेऱ्यांनी भरलेल्या नव्हत्या. कंपनी, साल, यंत्र पाहून वेग कमीजास्त व्हायचा, आणि पुढे ज्यांनी त्या टेपवर उतरवल्या त्यांनी डोळे मिटून 78 लावला. एकदा त्यांनी संगणकावर एक तबकडी 74 फेऱ्यांवर आणून ऐकवली. पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली आली, तीन मिनिटांचं गाणं नऊदहा सेकंदांनी लांबलं, आणि तानेतली सुरसुर जाऊन तिथे एकेक दाणा दिसू लागला. तोवर ज्या चपळाईला आम्ही माना डोलावत होतो, तिच्यातली थोडी गवयाची आणि थोडी मोटरची निघाली. आता हे ऐकणं की हिशेब? माझ्या मते दोन्ही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी 1990 पासून हीच खटपट करत आली आहेत.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर वामनराव देशपांड्यांकडे जायला हवं. माझा त्यांच्यावर जुना जीव आहे. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आणि ‘घरंदाज गायकी’ हे 1961 सालचं त्यांचं पुस्तक म्हणजे मराठीत गाण्याचा मांडलेला सर्वांत धाडसी ताळेबंद. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. स्वराकडे किराणा, लयीकडे आग्रा, आणि मधोमध दोन्हींचा तोल सांभाळत जयपूर. या मांडणीवर आजवर पुष्कळ लोकांनी दात-ओठ खाल्ले. काहींनी हळूच आठवण करून दिली की वामनराव आधी सुरेशबाबू मान्यांकडे शिकले आणि नंतर मोगूबाई कुर्डीकरांकडे. तेव्हा किराण्याकडून जयपूरकडे झालेला त्यांचा प्रवास आणि त्यांच्या सिद्धांताचा प्रवास एकाच दिशेने व्हावा यात नवल ते काय!

आक्षेप चोख आहे, पण तो वामनरावांनीच आपल्या हाती दिला आहे. त्यांनी माप लपवलं नाही. स्वर आणि लय यांचा तोल म्हणजे श्रेष्ठता, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं, म्हणून तर विचारता येतं की तोलच का? टोकाला जाण्यात काही कमाई नसते का? किराण्याच्या करीम खाँसाहेबांना लयीच्या हिशेबात वजा दाखवून आपण नेमकं काय मिळवलं? त्यांचा षड्ज ऐकताना तबला मागे पडतो ही उणीव मानायची की गायकाने पूर्ण जाणीव ठेवून केलेली निवड? मला स्वतःला वामनरावांचा निकाल पटत नाही. आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांची आलापी ऐकल्यावर त्यांना लयीच्या कप्प्यात बसवणं तर फारच अवघड जातं. पण न पटलेला निकाल तपासून पाहायला मला तबकड्यांकडेच जावं लागतं, आणि एक नव्हे, अनेक. आमच्या पुणेकर समीक्षकांनीही एक निकाल दिला आहेच: मैफल वर, रेकॉर्ड खाली. त्यामागचं माप मात्र ते सांगत नाहीत. ते ‘अनुभूती’ म्हणतात. अनुभूतीचं ऑडिट होत नाही, ही तिची मोठी सोय.

तुलनेचा खरा उपयोग कळतो तो जिथे तबकडीच नाही तिथे. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. तबकड्यांचा धंदा तोवर चांगला वीस वर्षांचा झाला होता, तरी बुवांचं गाणं मागे उरलं नाही. अल्लादिया खाँसाहेब तर 1946 पर्यंत होते, पण त्यांचाही आवाज आपल्यापाशी नाही. मग जयपूर गायकीचा मूळ पुरुष गात कसा होता? केसरबाई केरकर त्यांच्या शिष्या, मोगूबाई शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या मुलांचे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांचे शिष्य. केसरबाईंचा गौड मल्हार लावा, मग मन्सूरांचा लावा. बाहेर जव्हारचा पाऊस असेल तर उत्तमच, नसला तरी बिघडत नाही. जिथे दोघांत फरक पडतो तिथे त्यांचा त्यांचा स्वभाव बोलतो. दोघंही ज्या वळणावर एकाच तऱ्हेने मुडपून समेवर येतात, तिथे मात्र तिसऱ्याच कुणाची तरी चाहूल लागते. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या समोर ठेवून पाठ शुद्ध केला तो पाठभेद ताडून पाहूनच. त्यांना कुणी हिशेबनीस म्हटल्याचं ऐकिवात नाही.

एकट्या तबकडीचं काय होतं ते पाहायचं तर थेट आकाशात पाहावं लागेल. 1977 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी आहे, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. रॉबर्ट ब्राऊन या संगीतशास्त्रज्ञाने ती सुचवली. त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. तबकडी एका फेरीला 3.6 सेकंद घेईल अशी फिरवा, हे वेष्टनावर हायड्रोजनच्या अणूच्या हिशेबात कोरून ठेवलं आहे. आमच्या डॉक्टरांना याचं भारी कौतुक, कारण परग्रहावरच्या श्रोत्याची जेवढी काळजी घेतली तेवढी आपल्या कंपन्यांनी गिरगावातल्या गिऱ्हाइकाची घेतली नव्हती. पण त्या परग्रहावरच्या श्रोत्याला भैरवी म्हणजे एवढंच. दुसरी भैरवी त्याच्यापाशी नाही, त्यामुळे यातलं रागाचं किती, घराण्याचं किती आणि केसरबाईंचं किती हे त्याला कधीही कळणार नाही. त्याच्या हाती नमुना गेला आहे, गाणं गेलेलं नाही.

इथवर मी रेकॉर्डची वकिली केली. तिला पहिला तडा गेला तो तारप्याने. आमच्या तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 च्या प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जो तो फोनवर तारप्याच्या चित्रफिती पाठवू लागला. आम्हीही मोठ्या हौसेने एका शनिवारी तारपा लावला. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले, आणि न तुटणारा श्वास. हे सगळं ठाऊक असूनही दहा मिनिटांत सगळे चुळबुळू लागले. एकाने त्याची शहनाईशी तुलना करून पाहिली, ती फारच केविलवाणी झाली. दोष वादनात नव्हता, आमच्या मांडी घालून बसण्यात होता. तारपा बसून ऐकायचा नसतोच. वाजवणारा मध्ये, त्याच्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची साखळी. त्याने चाल बदलली की पाय बदलतात, आणि पायांनी जोर धरला की तोही चेकाळतो. पाय काढून घेतलेला तारपा अर्धाच राहतो. म्हणजे समीक्षकांचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं; फक्त त्यांनी ते तारप्याविषयी म्हटलं नव्हतं.

पण ते तारप्याला लागू असेल तर ख्यालालाही थोडंफार लागू व्हायला हवं. स्टुडिओतल्या तबकडीत ‘क्या बात है’ नाही, समेवर एकदम हललेल्या माना नाहीत. म्हणूनच अलीकडे माझा कल खासगी मैफलींच्या टेपांकडे झुकला आहे. तबला मिळवताना पडलेले हातोडीचे ठोके, कुणाचा तरी खोकला, पेल्यांचा आवाज, गवयाने मध्येच कुणाला तरी ‘या, या’ म्हणणं, हे सगळं तसंच राहिलेल्या टेपा. आमच्या बैठकीत आधी हा कचरा काढलेल्या प्रतीला भाव होता. आता मी न काढलेली प्रत मागतो आणि त्यावरून भांडणं होतात. मैफलीचं दालन गाण्याचा भाग आहे, हे समीक्षकांचं म्हणणं मला मान्य. ते दालन खोडाळ्यापर्यंत येऊ शकत नाही, हे मात्र अजूनही अमान्य.

आणि तुलना? पाड्यावर ती कधीपासूनच चालत आली आहे. कुणाच्या तारप्यावर नाच उशिरापर्यंत टिकतो आणि कुणाच्या लवकर विस्कटतो, हे बायका बरोबर सांगतात, आणि त्यासाठी त्यांना रेकॉर्ड लागत नाही, कारण पुढच्या हंगामात दुसरा वाजवणारा समोर असतो. पण वाजवणारे वयाने वाकत चालले आहेत, आणि भरून ठेवलं जातंय ते सत्काराच्या व्यासपीठावरचं, माइकसमोरचं, दोन मिनिटांचं. भात घरात आलं की नाच सुरू होतील. तेव्हा चांगला माइक घेऊन पाड्यापाड्यावर जावं, एकच चाल जव्हारच्या, मोखाड्याच्या, विक्रमगडच्या वेगवेगळ्या हातांतून, नाचणाऱ्यांच्या पायांसकट, आख्खी भरून घ्यावी, असं मी बैठकीत सुचवलं आहे. डॉक्टर तयार आहेत. खोडाळ्याच्या मित्राचं म्हणणं असं की वाजवणाऱ्यांना मानधन ठरल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, आणि पैसे कुठून आणायचे यावर सध्या आमचं गाडं अडलं आहे.