हाडांवरून मनुष्याचा न्याय

आमच्या मंडळींतील एका तरुणानें उपासना संपल्यावर आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, निअँडरथल म्हणून जे प्राचीन लोक होऊन गेले, ते मनुष्य होते कीं नव्हते?" तो थट्टा करीत नव्हता, त्याचा विश्वास या प्रश्नापाशीं अडखळला होता. 'हे सर्व शास्त्रज्ञांचे तर्क आहेत' असें म्हणून मोकळें होणें सोपें असतें, व आम्हींही पूर्वीं तसें केलें आहे. परंतु तें उत्तर प्रामाणिक नव्हे.

१८५६ सालीं जर्मनींतील निअँडर खोऱ्यांत चुनखडीचे दगड काढणाऱ्या मजुरांस एका गुहेंत मनुष्यासारखीं, पण फार जाड अशीं हाडें सांपडलीं. १८६४ सालीं विल्यम किंग या अध्यापकानें त्यांस 'होमो निअँडरथालेन्सिस' हें नांव देऊन आपल्याहून निराळी जात ठरविली. तो एवढ्यावर थांबता तर बरें होतें. परंतु कवटीचा आकार पाहून त्यानें असेंही लिहिलें कीं, या प्राण्याचे विचार पशूच्या विचारांहून वर कधीं चढले नसावे. हाडें मोजतां मोजतां तो आत्म्याचाही न्याय करून बसला.

पुढें १९०८ सालीं फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ या गांवीं, बुईसोनी नांवाच्या धर्मगुरु बंधूंस अशाच एका वृद्धाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सांपडला. पॅरिस येथील मार्सेलँ बूल या पंडितानें तो तपासून वांकलेले गुडघे, पुढें झुकलेली मान व वानरासारखी चाल असें त्या लोकांचें चित्र उभें केलें. पुष्कळ वर्षें जगानें तेंच खरें मानिलें. १९५७ सालीं स्ट्रॉस व केव्ह या शास्त्रज्ञांनीं तीं हाडें पुन्हां पाहिलीं, तेव्हां तो मनुष्य संधिवातानें जर्जर झालेला होता असें दाखविलें. त्याचे बहुतेक दांत पडून जबड्याचें हाड भरून आलें होतें. म्हणजे दांत गेल्यावरही तो जगला होता. त्यास कोणीं अन्न मऊ करून भरविलें काय? कित्येक पंडित तसें मानितात, कित्येक मानीत नाहींत. परंतु एका रोग्यावरून सर्व लोकांस पशु ठरविलें गेलें होतें, हें उघड झालें.

२०१० सालीं स्वांटे पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य वाचून दाखविलें कीं, आफ्रिकेबाहेरील आजच्या लोकांत त्या प्राचीनांचा अंश उरला आहे. तो शेंकडा सुमारें १ ते २ भरतो. आपण हिंदी लोकही त्यांत आलों. तरी ती जात निराळी कीं आपलीच एक शाखा, याविषयीं पंडितांचें अद्याप एकमत नाहीं. जातीची रेघ अभ्यासाच्या सोयीसाठीं मनुष्यानें ओढिलेली असते.

वाचकहो, 'जात' या शब्दाचा भार आम्हांस कोणीं सांगावयास नको. १९०१ सालच्या खानेसुमारीचे मुख्य अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनीं नाकाच्या रुंदीवरून जातींचा उच्चनीचपणा जुळवून दाखविला होता. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे वाडवडील वेशीबाहेर राहिले. त्यांच्या अंतःकरणांत काय आहे हें विचारण्यापूर्वींच जगानें त्यांस नीच म्हटलें. ज्यांनीं हें सोसिलें, त्यांनीं मेलेल्यांविषयींही उतावळा न्याय करूं नये.

त्या तरुणास आम्हीं सांगितलें तें असें: उंची, वय, रोग हीं हाडांवरून कळतात, तीं शास्त्रास सांगूं द्यावीं व आपण नम्रतेनें ऐकावीं. देवाचें प्रतिरूप कवटीच्या मापानें मोजतां येत नाहीं. म्हणून त्या लोकांस त्यांतून वगळण्याचा अधिकार किंगला नव्हता व आम्हांसही नाहीं. इशायाच्या घरीं अलीयाबाची उंची पाहून शमुवेल संदेष्टाही फसला होता. शास्त्रज्ञांनीं आपली चूक शोधून ती चारचौघांत कबूल केली. आम्हीं व्यासपीठावरून केलेल्या चुका तशाच कबूल करूं काय? त्या तरुणापाशीं आम्हीं आरंभ केला आहे.