मरणस्मृती आणि दुसऱ्याचे मरण

बौद्ध परंपरेतील मरणविचाराकडे वळताना आधुनिक मराठी वाचकापुढे एक नैतिक अडचण उभी राहते. सर्व संस्कार अनित्य आहेत आणि जन्मलेला प्रत्येक जीव मरणाधीन आहे, या सत्याचे ध्यान चित्ताला शांत करते, हे मान्य करता येते. परंतु जे मरण टाळता येत नाही आणि जे मरण माणूसच माणसावर लादतो, त्या दोहोंना अनित्यतेच्या एकाच तत्त्वाखाली आणले, तर अन्यायाचे वजन हलके होत नाही काय? मरणस्मृतीतून लाभणारी शांती ही समज आहे की सोयीस्कर विस्मरण, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाची जाणीव बुद्धचरित्राच्या आधुनिक मांडणीत स्पष्टपणे उमटलेली दिसते. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची कथा ‘महापदानसुत्ता’त विपस्सी बुद्धाच्या संदर्भात येते आणि ती पुढे गौतमाच्या चरित्रात शिरली, असे धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथात दाखविले. गृहत्यागाचे कारण शोधताना त्यांनी ‘अत्तदण्डसुत्ता’तील शस्त्रे उगारून परस्परांशी झगडणाऱ्या माणसांच्या चित्राकडे लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये हीच दिशा अधिक निर्णायकपणे स्वीकारली. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याने वार्धक्य, आजार किंवा मरण पाहिलेच नाही असा तरुण बुद्धीला पटत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांचा सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारण्याच्या शाक्य संघाच्या ठरावाला विरोध करतो आणि बहुमत विरुद्ध गेल्यावर परिव्रज्या पत्करतो.

या मांडणीत गृहत्यागाचे कारण मरणाकडून संघर्षाकडे सरकते. मात्र एवढ्यावरून मरणविचार गौण ठरला, असे म्हणणे घाईचे होईल. अंगुत्तरनिकायातील ‘सुखुमालसुत्ता’त रथ नाही, सारथी नाही आणि अचानक दिसलेले प्रेतही नाही. तेथे आहे ते केवळ एक निरीक्षण. सामान्य माणूस स्वतः जराधर्मी असूनही दुसऱ्याचे वार्धक्य पाहून किळस करतो. स्वतः मरणधर्मी असूनही दुसऱ्याच्या मरणाने जुगुप्सा पावतो. असे करणे आपल्याला शोभणारे नाही, हे उमजताच तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा मद उतरला, असे बुद्ध सांगतात. म्हणजे येथे मरणविचाराचा आरंभ भयापासून होत नाही. दुसऱ्याविषयीच्या किळशीतला खोटेपणा ओळखणे हे त्याचे पहिले पाऊल आहे, आणि हे पाऊल उघडच नैतिक स्वरूपाचे आहे.

पाचव्या शतकातील बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त मरणस्मृतीचे विवेचन करताना तिच्या चुकलेल्या वाटाही नोंदविल्या आहेत. प्रियजनाच्या मरणाच्या आठवणीने शोक होतो, अप्रियाच्या मरणाने आनंद होतो, तटस्थाच्या मरणाने काहीच होत नाही आणि स्वतःच्या मरणाच्या विचाराने भय वाटते. स्मृती, संवेग आणि ज्ञान यांच्या अभावी हे घडते. म्हणून साधकाने ठिकठिकाणी दिसणाऱ्या ‘हत-मृत’ जीवांकडे पाहून या तिन्हींची जोड घालावी, असे तो सांगतो. मारले गेलेले आणि मेलेले येथे एकाच समासात आले आहेत. आधुनिक वाचक अडखळतो तो नेमका या समासापाशी. मरणाधीनता दोघांची सारखीच असली, तरी मारले गेलेल्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो: हे कोणी केले?

संवेगाच्या अभावासाठी बुद्धघोषाने दिलेला दृष्टांतही थांबून वाचण्याजोगा आहे. प्रेत पाहून प्रेत जाळणाऱ्याला काही वाटत नाही, तसे तटस्थाच्या मरणाचे होते, असे तो म्हणतो. मानसशास्त्रीय निरीक्षण म्हणून हे अचूक आहे. पण ते प्रेत जाळणाऱ्याकडे बाहेरून पाहते. महाराष्ट्राच्या जुन्या ग्रामव्यवस्थेत मेलेली जनावरे ओढून नेणे, मयताचा निरोप परगावी पोचविणे, सरणासाठी लाकडे वाहणे ही कामे महारांच्या माथी मारलेली होती. ज्याच्यावर इतरांचे मरण जन्मसिद्ध चाकरी म्हणून लादलेले असते, त्याच्या कोरडेपणाला केवळ संवेगाचा अभाव म्हणता येईल काय? इतरांना मरणाचा विटाळ टाळता यावा म्हणून त्याला ते रोज हाताळावे लागते. किळस एकाने करायची आणि श्रम दुसऱ्याने, अशी ही वाटणी आहे.

अर्थात हा आक्षेप परंपरेला सर्वस्वी बाहेरचा नाही. कोमेजलेली, टाकून दिलेली फुले झाडून काढणारा, लोकांच्या किळशीचा विषय झालेला सुनीत ‘थेरगाथे’त स्वतःच्या तोंडून आपली कथा सांगतो. रोहिणीच्या तंट्याची अट्ठकथांतील हकीकतही येथे स्मरते: पाण्याचे मोल अधिक की क्षत्रियांच्या रक्ताचे, असे बुद्ध दोन्ही पक्षांना विचारतात. या प्रश्नाला धार येते ती जीवित एकदा गेले की परत मिळत नाही, या जाणिवेमुळे. मरणधर्म आणि अन्याय यांच्यात जो विरोध प्रथमदर्शनी भासतो, तो येथे टिकत नाही.

एक घास चावण्यापुरते किंवा एका श्वासापुरतेच आपण जगू, असे मानून वागणाऱ्या भिक्षूंची बुद्धांनी प्रशंसा केली आहे. ही साधना दैनंदिन व्यवहारात, अगदी जेवणाच्या ताटावर करावयाची आहे. मात्र तो घास कोणाच्या श्रमातून आला आणि आपल्या मरणानंतरची कामे कोणाच्या वाट्याला जातील, हे प्रश्न तिच्या कक्षेत आले पाहिजेत. ते वगळले, तर जीविताचा मद उतरला तरी जन्माचा मद तसाच राहू शकतो. ‘सुखुमालसुत्ता’ने मोजलेल्या तीन मदांत या चौथ्याची भर घालणे, ही आंबेडकरांनंतरच्या वाचकावर पडलेली जबाबदारी आहे.