हाइन्झची गोष्ट आणि तिचा वाचक

लॉरेन्स कोहलबर्ग यांनी शिकागो विद्यापीठातील आपल्या १९५८च्या प्रबंधासाठी दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलांपुढे काही नैतिक पेच ठेवले. त्यांतील हाइन्झची गोष्ट सर्वाधिक गाजली. पत्नी मरणाच्या दारात आहे. औषध एकाच विक्रेत्यापाशी आहे. तो दहापट किंमत मागतो व उधारीस नकार देतो. हाइन्झ औषध चोरतो. त्याने चोरी करावयास हवी होती काय?

किशोरांची नैतिक विचारक्षमता तपासण्याची ही पद्धती मुळात कथा सांगून तिच्यावर प्रश्न विचारण्याची आहे, याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली दिसत नाही. कोहलबर्ग यांच्या लेखी उत्तर होकारार्थी की नकारार्थी हे गौण असते. समर्थनाच्या घडणीवरून उत्तरदात्याची पायरी ठरते. परंतु असे समर्थन हाती येण्यासाठी मुलाने एक अट मुकाट्याने मान्य करावी लागते : निवेदकाने सांगितले तेवढेच जग. या जगात विक्रेत्याचे मन वळण्याची शक्यता नाही आणि ज्या पत्नीसाठी सारे घडते तिच्या वाट्याला एक शब्दही नाही.

कॅरल गिलिगन यांच्या १९८२च्या ग्रंथातील अकरा वर्षांची एमी नेमकी हीच अट पाळत नाही. हाइन्झने कर्ज काढावे, विक्रेत्याशी बोलावे, असे ती सुचवते. तो तुरुंगात गेल्यास पत्नीचे पुन्हा कोण पाहील, हेही तिला दिसते. मुलाखतकार तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तसतशी ती डळमळते. गिलिगन यांनी यातून स्त्रीच्या वेगळ्या नैतिक स्वराचा सिद्धान्त मांडला. लिंगभेदाचा तो दावा पुढील संशोधनात तितकासा टिकला नाही. तरीही एमीचे वाचन उरतेच. चोरावे की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे नसून काय करता येईल हा आहे. आणि गुणांकनाच्या तक्त्यात ही पृच्छा अपुऱ्या आकलनाची खूण ठरते.

जेम्स रेस्ट यांच्या चाचणीत तर उत्तरदात्याला स्वतःचे वाक्यही रचावे लागत नाही. तयार विधानांना महत्त्वाचा क्रम लावावयाचा. मोठ्या संख्येच्या पाहणीसाठी ही सोय निःसंशय उपयुक्त आहे. त्या विधानांत काही भारदस्त पण निरर्थक वाक्ये मुद्दाम पेरलेली असतात. त्यांना भुलणाऱ्यांच्या उत्तरपत्रिका बाद होतात. (हा सापळा समीक्षेच्या प्रांतातही लावून पाहण्याजोगा आहे.) मात्र गोष्टीची चौकट जुनीच, आणि विधानांची निवडही परीक्षकाचीच.

एमीला मुलाखतकाराने एकच पूरक प्रश्न विचारला असता, विक्रेत्याला हाइन्झने नेमके काय सांगावे, तर तिचे नीतिविषयक तर्कशास्त्र नोंदले गेले असते. तो प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.