अनेसिम दारात उभा आहे



सामान्यकाळातील तेविसाव्या रविवारचे आजचे दुसरे वाचन एका अगदी लहान पत्रातून घेतलेले आहे. संत पौल बंदिवासात आहे. तेथे त्याला अनेसिम नावाचा गुलाम भेटतो. हा अनेसिम आपला मालक फिलेमोन याला सोडून आलेला असतो. पौल त्याला श्रद्धेचा मार्ग दाखवतो आणि पत्र हाती देऊन परत पाठवतो. पत्रात तो फिलेमोनला विनवतो, की हा आता तुझा गुलाम राहिलेला नाही, भाऊ झाला आहे. माझे जसे स्वागत केले असतेस तसेच याचे कर.

हे पत्र वाचायला दोन मिनिटे पुरतात. पण ते कोणाच्या बाजूने वाचायचे, यावरून एका मोठ्या ख्रिस्ती देशात माणसे दुभंगली. ती कथा आज आपण आठवू या, कारण तिच्यात आपली ख्रिस्तसभाही आहे.

१८३०च्या दशकात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात चार्ल्स जोन्स नावाचे एक प्रेस्बिटेरियन पाळक गुलामांना उपदेश करीत असत. एकदा त्यांनी याच पत्रावर प्रवचन दिले. गुलामाने पळून जाऊ नये, मालकाची आज्ञा पाळावी, असे ते पौलाचा दाखला देऊन सांगू लागले. तेव्हा निम्मे श्रोते उठून सरळ चालते झाले. हे जोन्स यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. गुलामांना वाचायला शिकवणे त्या राज्यात कायद्याने गुन्हा होता. तरीही पौलाच्या पत्राचे मर्म त्या निरक्षरांना पाळकापेक्षा अधिक कळले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही वाचले होते, की अॅरिस्टॉटलसारखा थोर विचारवंतही गुलामाला सजीव अवजार मानतो. एवढ्या बुद्धिमान माणसाला समोरचा माणूस कसा दिसला नाही? ज्या पापावर आपले घर चालते, ते पाप आपल्याला पाप वाटत नाही, हेच त्याचे उत्तर असावे.

अमेरिकेत तसेच झाले. १७९३ साली एली व्हिटनी यांनी कापसातून सरकी काढणारे यंत्र तयार केले. यंत्रामुळे गुलामांचे ओझे हलके होईल, असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. सरकी झटपट निघू लागल्याने कापूस फायद्याचा ठरला आणि तो पिकवायला, वेचायला अधिक माणसे लागली. १७९० साली त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ते सुमारे ४० लाख झाले.

दक्षिणेत कापसाचे मळे होते, तर उत्तरेत गिरण्या आणि पेढ्या. उत्तरेकडील राज्यांनी आपापल्या हद्दीत गुलामगिरी बंद केली होती. पण मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांत त्याच कापसाचे सूत निघत होते आणि न्यूयॉर्कचे व्यापारी त्याच कापसावर पैसा मिळवत होते. दक्षिण म्हणे, आमचे पोट यावर आहे. उत्तर म्हणे, आमच्या अंगणात हे नाही. १८३५ साली विल्यम गॅरिसन या सुधारकाला जमावाने दोर बांधून रस्त्यातून ओढले, ते उत्तरेतल्या बॉस्टन शहरात.

आणि आपण कॅथलिक? येथे आम्हा धर्मगुरूंना मान खाली घालावी लागते. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्री-पुरुष आणि मुले १,१५,००० डॉलरना लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. कुटुंबे तोडू नयेत, पैसा कर्जफेडीला वापरू नये, अशा अटी रोमने घातल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. रकमेचा काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यात गेला. विकल्या गेलेल्यांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. ते त्याच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणारे होते.

पुढच्याच वर्षी, १८३९ साली, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. तेव्हा चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी युक्तिवाद केला, की पोप महोदयांचा निषेध परदेशातून गुलाम आणण्याच्या व्यापाराला आहे, आपल्याकडील गुलामगिरीला नाही. शब्द मान्य, पण आपल्या दारापर्यंत येऊ द्यायचे नाहीत, ही युक्ती आपल्यालाही जमते.

१८६१ साली युद्ध पेटले. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. ४ मार्च १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी भाषणात खंत व्यक्त केली, की दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची करुणा भाकतात. त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली.

त्या युद्धाची झळ आपल्याकडेही पोहोचली होती. अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबई बंदरातून कापूस नेला. भाव कडाडले, शेअरबाजारात जुगार माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच अनेकांचे दिवाळे निघाले. पुढे १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना ते अर्पण केले. मुंबईच्या सटोडियांना त्या युद्धात कापसाचा भाव दिसला. फुल्यांना त्यात आपल्याकडील शूद्रातिशूद्र दिसले.

बंधू-भगिनींनो, देवाची कृपा मात्र थांबत नाही. १८५४ साली मिसुरी राज्यात कॅथलिक मालकाच्या घरी एका गुलाम बालकाचा जन्म झाला. युद्धकाळात त्याची आई मुलांना घेऊन मिसिसिपी नदीपलीकडे पळाली. या मुलाला धर्मगुरू व्हायचे होते. अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्याला दार उघडले नाही. अखेर रोममध्ये शिकून १८८६ साली ऑगस्टस टोल्टन यांना गुरुदीक्षा मिळाली. ज्या ख्रिस्तसभेने त्यांना नाकारले, तिच्यातच ते मरेपर्यंत सेवा करीत राहिले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले, म्हणजे संतपदाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचे नाव आले.

२०१७ साली येशूसंघीयांनी त्या २७२ जणांच्या वंशजांसमोर क्षमा मागितली. जॉर्जटाउनच्या एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव देण्यात आले. विक्रीच्या यादीतले ते पहिले नाव होते. क्षमा मागायला १७९ वर्षे लागली, पण तिची सुरुवात एक नाव उच्चारण्यापासून झाली.

आज मिस्सा आटोपून घरी जाताना आपणही एक नाव आठवू या. आपल्या घरी धुणीभांडी करणारी ताई, बांधकामावर विटा वाहणारा मजूर, वाडीत राबणारा गडी यांचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे का? त्यांची मजुरी वेळेवर आणि पुरेशी देतो का? की उचल देऊन त्यांना बांधून ठेवतो? हे पत्र आपण बहुधा फिलेमोनच्या जागी बसून ऐकतो. अनेसिम मात्र दारात उभा आहे, पत्र हातात घेऊन. त्या पत्राचे उत्तर फिलेमोनने काय दिले, हे बायबलमध्ये लिहिलेले नाही. ते आपण लिहायचे आहे.

प्रभू येशू आपल्याला ते धैर्य देवो. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू