वळू कोण निवडतो?

घोटीच्या जनावरांच्या बाजारात डांगी खोंड घ्यायला आलेला माणूस आधी जनावराचं तोंड उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, एवढं कळलं की वय कळलं. मग खाली बसून खूर बघतो. ते काळं आणि दगडासारखं टणक हवं. मग पाठीवरून हात फिरवतो आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहतो. डांगीच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, तो हाताला लागायला हवा. शेजारच्या इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसात चिखलणीला दिवसभर उभ्या राहणाऱ्या बैलाच्या अंगावरून पाणी निथळून जातं ते या ओशटपणामुळे. एवढं सगळं बघून झालं की उपरण्याखाली बोटं धरून सौदा ठरतो, आणि शेजारी उभ्या असलेल्याला भाव काय झाला ते कळत नाही.

याच माणसाला विचारावं, की ही जात काढली कुणी? उत्तर ठरलेलं असतं: काढली कुणी नाही, पहिल्यापासूनच आहे. मग विचारावं, वळू म्हणून कुठला खोंड ठेवता? आता तो खुलतो. आई कशी होती, पावसाळ्यात खुराक तुटला तरी टिकली का, गोऱ्हा चढणीला दमतो का, खूर कसं आहे, हे सगळं बघून एखादा ठेवायचा, बाकीचे खच्ची करून औताला लावायचे. बापही असंच करत होता, आजाही असंच करत होता.

‘पहिल्यापासूनच आहे’ आणि ‘एखादा ठेवायचा, बाकीचे खच्ची करायचे’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून पाच मिनिटांच्या अंतरानं येतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. त्याला हसायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले बहुतेक विद्वान नेमके असेच बोलत होते. ही दोन वाक्यं एकमेकांसमोर उभी करून दुसरं खरं मानायचं ठरवलं, तिथे उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा उगम आहे. गालापागोस बेटं, ‘बीगल’ जहाज, चिमण्यांएवढ्या पक्ष्यांच्या चोची ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती खोटी नाही. पण १८५९ साली निघालेलं डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ उघडलं तर पहिलं प्रकरण बेटांवर नाही. ते पाळीव जनावरांवर आणि पिकांवर आहे.

डार्विननं त्यासाठी १८५५ पासून घरी कबुतरं पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबांत जाऊन बसला, पैदासकारांना पत्रांमागून पत्रं लिहिली. अकबर बादशहाच्या लवाजम्यात वीस हजार कबुतरं असत, हेही त्यानं त्या प्रकरणात नोंदवलं आहे. आपल्याला जास्त जवळचा उल्लेख मात्र गुरांचा आहे. एडवर्ड ब्लिथ हा कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. वशिंड असलेल्या भारतीय गुरांच्या सवयी, हंबरणं, काटकपणा यांची माहिती त्यानं डार्विनला कळवली. त्यावरून ही गुरं युरोपातल्या गुरांहून वेगळ्या मूळ वंशातली असावीत, असं मत डार्विननं पहिल्याच प्रकरणात मांडलं. १९९४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी दोन्हीकडच्या गुरांचा डीएनए तपासला. दोन वंश काही लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते, म्हणजे माणसानं त्यांना माणसाळवलं तेही दोन वेगवेगळ्या ठिकाणी, असं त्यातून निघालं. आपल्या वशिंडवाल्या गाईचा साक्षीपुरावा त्या ग्रंथात पहिल्यापासून आहे. आपल्या वर्गात तिचं नाव निघत नाही.

पैदासकार ठरवून नवी जात काढतो ते एक. पण डार्विनला त्याहून महत्त्वाची वाटली ती न ठरवता होणारी निवड. चांगलं जनावर राखायचं, वाईट काढून टाकायचं, एवढाच माणसाचा हेतू असतो. जात बदलायची असं त्याच्या मनातही नसतं. तरी शंभर पिढ्यांनी जात बदललेली असते. घोटीचा शेतकरी ‘काढली कुणी नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलतो. डांगी कुणा एकानं ठरवून काढलेली नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर डार्विनची अर्धीच गोष्ट हाती येते. वळू माणूस निवडतो, खूर माणूस बघतो. पण मुळात मऊ खुराची, कोरड्या कातडीची किती वासरं त्याच्यापर्यंत पोचतात? घोटीहून पूर्वेला सिन्नरच्या रस्त्याला लागलं, की तासाभरात अवर्षणाचा मुलूख सुरू होतो. तिकडचं देखणं जनावर आणून इथे चार महिने चिखलात उभं केलं की खुरं मऊ पडतात, पायांत कुज धरते. अशी जनावरं माणसानं बाद करण्याआधी पावसानं बाद केलेली असतात. पाऊस दात बघत नाही, बोली लावत नाही, त्याला डांगी हवी असं काही नाही. तरी निवड होते. निवडणारा कुणी नसताना होणारी निवड, ही त्या सिद्धान्तातली खरी अवघड आणि खरी नवी गोष्ट आहे. पैदासकाराचा हात बाजूला काढून त्या जागी पाऊस, उपासमार आणि रोगराई ठेवायची.

हा हात बाजूला काढायला डार्विनला एका अर्थशास्त्र्याची मदत झाली. १८३८ मध्ये त्यानं माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला. जन्मणारे फार, पुरणारं अन्न थोडं, म्हणून टिकणारे थोडे. वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, आजच्या इंडोनेशियात तापानं फणफणलेल्या आल्फ्रेड वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाला तोच माल्थस आठवला आणि तोच विचार सुचला. १ जुलै १८५८ रोजी दोघांचे लेख लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. तो एका माणसाला झालेला साक्षात्कार असता तर दुसऱ्याला स्वतंत्रपणे झाला नसता.

मराठीत शिकताना मात्र एक अडचण आपल्या शब्दातच आहे. ‘उत्क्रांती’त ‘उत्’ आहे, म्हणजे वर. वर पाऊल टाकणं. जुन्या वेदान्तात हा शब्द प्राण देहातून निघून जाण्यासाठी वापरला जाई. आज तो ऐकला की डोळ्यांसमोर शिडी येते: खाली मासा, वर माकड, सगळ्यात वर आपण. डार्विन ‘बदलांसह वंशपरंपरा’ असं म्हणत होता, आणि ‘इव्होल्यूशन’ हा शब्द त्याच्या ग्रंथात आला तो थेट १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. दशावतारांत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा क्रम आहे म्हणून आपल्याला हे आधीच ठाऊक होतं, असं सांगणाऱ्यांचा घोळही तिथेच होतो. क्रम म्हणजे सिद्धान्त नव्हे. बदल घडतो कसा, हे सांगितल्याशिवाय मासा आधी आणि माणूस नंतर म्हणण्याला अर्थ नाही. अवतार वरून खाली येतो. डांगीचं खूर खालून, चिखलातून घडतं. ‘बळी तो कान पिळी’ हेही डार्विनच्या खात्यावर मांडलं जातं. शिंगं रोखणाऱ्या बैलापेक्षा पावसात न कुजणारा बैल मागे जास्त वासरं ठेवून जातो, एवढंच डार्विनचं म्हणणं.

आता आक्षेप. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहून वा सांगून ठेवलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिलं. आजचं माकड आपला पूर्वज नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक, आणि वाटा फुटल्या त्या साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. ते ‘होताना पाहणार’ कोण? घोटीच्या दक्षिणेला कळसूबाईचा १६४६ मीटरचा डोंगर आहे. त्याचे थर लाव्हाचे आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तेही वाहताना कुणी पाहिलेले नाहीत, म्हणून डोंगर नाही असं कुणी म्हणत नाही.

पण मला त्या आक्षेपाची जागा आणि वेळ जास्त बोलकी वाटते. २०१७ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. सरकारला भरपाई जाहीर करावी लागली होती. हा जवळजवळ सगळा कापूस बीटी होता, अळी मारणारं विष तयार करणारं जनुक घातलेला. २००२ मध्ये एक जनुक असलेलं वाण आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं. प्रत्येक हंगामात कोट्यवधी अळ्या मेल्या आणि जन्मतःच ते विष पचवू शकणाऱ्या थोड्या जगल्या. त्यांच्या पिढ्या वाढल्या. पंधरा वर्षांत बोंडअळी बदलली, आणि हे औरंगाबादच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी नुकतंच, उघड्या डोळ्यांनी, बोंड फोडून पाहिलं होतं. ‘कुणी पाहिलंय?’ हा प्रश्न त्या मुलखात त्या महिन्यात विचारला गेला. उत्तर बांधावर उभं होतं. अळीच्या त्या बदलाला उत्क्रांती म्हणतात हे मात्र शेतकऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि न सांगण्याची किंमत मोजावी लागली. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं मिळत असे. ते कडेनं लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुगतात, आणि प्रतिकार पातळ होत राहतो. बहुतेकांनी ते लावलं नाही. जाणूनबुजून अळी पोसायची हे कुठल्या शहाण्या शेतकऱ्याला पटेल? पटायला हवं असेल तर ‘निवड’ म्हणजे काय ते कळायला हवं. तेच तर त्यानं घरच्या गोठ्यात केलेलं असतं. पण कृषीखात्याच्या पत्रकात ‘आश्रय पीक लावा’ एवढी आज्ञा होती, कारण नव्हतं. पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून द्यायची सोय निघाली. समजावण्यापेक्षा मिसळणं सोपं.

शाळेचं म्हणाल तर महाराष्ट्र शिक्षण मंडळाची बाजू बरी आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला आणि धड्याच्या नावात फक्त ‘आनुवंशिकता’ उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. जो विद्यार्थी अकरावीत जीवशास्त्र घेणार नाही, त्याला हा विषय आयुष्यात पुन्हा भेटायचा नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती. आपल्या मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ मध्ये मात्र २०१८ पासून पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. घोटीच्या मराठी शाळेतल्या मुलीला जे मिळतं, ते दिल्लीच्या मुलाला दहावीत मिळत नाही.

मिळतं, पण कसं? ‘अवशेषांगे म्हणजे काय, नावे लिहा.’ आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ. गुण मिळाले, विषय संपला. मराठीनं पाठीच्या कण्याच्या टोकाला माकडहाड म्हटलं आहे, याकडेही कुणाचं लक्ष जात नाही. पुराव्यांची यादी पाठ होते आणि जिच्यासाठी पुरावे हवेत ती यंत्रणा निसटते. मग मूल मोठं होऊन ‘डार्विनवर माझा विश्वास नाही’ म्हणतं, जणू तो देव आहे.

एक गोष्ट या सगळ्यात निकडीची आहे, आणि ती भूतकाळातली नाही. चिखलणीला आता पॉवर टिलर आला. गोठ्यात दुधासाठी जर्सी आणि होल्स्टिनचे संकर आले. डांगी दूध कमी देते, ती मुळात कामाची जात. खूर बघणारं गिऱ्हाईक जसजसं कमी होईल, तसतशी खुरानुसार निवड थांबेल. पाऊस निवडतच राहील, पण ज्या गाईला गोठ्यात पत्र्याखाली बांधून पेंड घातली जाते तिच्यावर त्याचं फार चालत नाही. म्हणजे डांगी ‘पहिल्यापासून’ नव्हती, तशी ती ‘कायमची’ही नाही. प्रदर्शनात पहिला नंबर देऊन जात टिकत नाही. ती टिकते चिखलात उभं राहून, पिढ्यानपिढ्या. तेवढा चिखल आणि तेवढं काम तिच्या वाट्याला राहणार का, हा संवर्धनाचा खरा प्रश्न आहे.

घोटी भागातल्या विज्ञानशिक्षकांना एक विनंती. शाळा जूनच्या मध्याला उघडते. पहिला धडा शिकवायला घ्याल तेव्हा आवणी सुरू झालेली असेल. वर्गात किमान चार-पाच मुलं तरी अशी असतील की ज्यांच्या घरी डांगी आहे. गालापागोसला जाण्याआधी त्यांना विचारा: तुमच्या घरी वळू कोण निवडतं, आणि काय बघून?